तक्रार बंद, बिघाड चालू

लग्नाच्या हॉलमध्ये एक काका असतात. ते स्वयंपाक करत नाहीत, मंगलाष्टका म्हणत नाहीत, आहेराचा हिशोबही त्यांच्याकडे नसतो. त्यांचं काम एकच. कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, कोणाला पुढे आणायचं, कोणाला मागे सरकवायचं आणि जेवून झालेल्याला कधी उठवायचं. संगणकाच्या पडद्यावर हेच काम करणाऱ्या प्रोग्रामला विंडो मॅनेजर म्हणतात. पत्र तो लिहीत नाही, फोटो तो उघडत नाही. त्याच्या ताब्यात फक्त चौकटी: ही इथे, ती तिथे, ही वर, ती खाली. बस्, एवढंच. आणि हे एवढंच काम गेली चाळीस वर्षं 'जवळजवळ झालंय'.

सुरुवात चांगल्या हेतूने झाली. बहुतेक गोंधळांची तशीच होते. १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी 'एक्स' नावाची यंत्रणा उभी केली. पडद्यावर चौकटी काढायची सोय ती देणार, पण चौकटीला कड असावी का, वर टायटल बार असावा का, बंद करायचं बटण डावीकडे की उजवीकडे, यावर ती अवाक्षर काढणार नाही. ते ज्याचं त्याने बघावं आणि आवडेल तो विंडो मॅनेजर वेगळा बसवावा. धोरण न ठेवणं हेच धोरण. आता 'ज्याचं त्याने बघावं' म्हटल्यावर प्रोग्रामर मंडळी काय करणार? ज्याने त्याने बघितलं.

१९८७ साली टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम लिहिला. टी म्हणजे टॉम. पुढे तो सगळ्यांचा झाला तेव्हा टी म्हणजे 'टॅब' असं ठरलं. टॉम गेला, टी राहिला. त्यात फेरफार करून १९९३ साली एफव्हीडब्ल्यूएम निघाला, आणि त्यातला एफ नेमका कशाचा, हे पुढे खुद्द करणाऱ्यालाही ठामपणे सांगता येईना. २००६ साली डीडब्ल्यूएम आला. कोड दोन हजार ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी त्यांची शपथ. सेटिंगचा मेनू नाही, सेटिंगची फाईल नाही. कडेचा रंग बदलायचाय? कोड उघडा, बदला, पुन्हा कंपाइल करा. यामुळे वापरणारे मोजके आणि उच्चभ्रू राहतात, हे त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या जिमखान्यांनाही जमलेला नाही.

(व्हिस्टापासून विंडोजच्या पोटातही एक डीडब्ल्यूएम असतो. त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. टास्क मॅनेजरमध्ये तो मेमरी खाताना दिसला की घरातला जाणकार भाचा 'व्हायरस आहे' म्हणून मोकळा होतो. व्हायरस नाही. त्याच्याविना पडद्यावर काही दिसणारच नाही.)

मोठ्या कंपन्यांचं काय, असं विचाराल. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये एक खिडकी दुसरीवर चढू शकत नव्हती. सगळ्या शेजारी शेजारी, शिस्तीत. दोन वर्षांनी एकमेकींवर चढायची परवानगी मिळाली. मग २००९ साली विंडोज ७ने मोठ्या कौतुकाने सुविधा दिली की खिडकी कडेला ढकला, ती अर्ध्या पडद्यावर शिस्तीत बसेल. तीच सुविधा मॅकमध्ये आली २०२४ साली. पंधरा वर्षं. तेवढ्या काळात ॲपलने फोन आणि घड्याळं यांच्या पिढ्याच्या पिढ्या बदलल्या, डोळ्यांवर बांधायचा चष्माही आणला, पण खिडकी अर्ध्या पडद्यावर बसवणं ही गोष्ट म्हणजे पूर्ण विचारांती करायची.

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे आधी काढून घेतात आणि मग 'नवीन' म्हणून परत देतात. २०१२ साली स्टार्ट बटण गेलं, २०१३ साली आलं. २०२१ साली विंडोज ११मध्ये टास्कबारवर प्रत्येक खिडकीचं वेगळं बटण दाखवण्याची सोय गेली, २०२३ साली आली. टाळ्याही मिळाल्या.

पण खरी मौज बघायची तर लिनक्सच्या वाड्यातच यायला हवं, कारण इथे सगळी भांडणं उघड्यावर होतात आणि त्यांची नोंद राहते.

नोंदवहीचा थाट बघा. १९९८ साली मोझिला या ब्राउझरच्या प्रकल्पासाठी बगझिला नावाची वही तयार झाली आणि पुढे अनेक प्रकल्पांनी ती उचलली. तक्रार निकालात काढायचे तिच्यात ठरलेले मार्ग आहेत. एक, दुरुस्त केलं. हा कधीकधी वापरतात. दोन, ही तक्रार आधीच कोणीतरी केली आहे. म्हणजे ती आधीची जेवढी वर्षं पडून आहे, तेवढी तुमचीही पडून. तीन, दुरुस्त करणार नाही. चार, आणि हे माझं लाडकं, 'माझ्याकडे चालतंय'. हा शेरा चेष्टेने कोणी मारलेला नाही. वहीत रीतसर छापलेला पर्याय आहे तो. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला हा शिक्का मिळाला असता तर काय बहार झाली असती! 'पाणी येत नाही.' 'माझ्याकडे येतंय.' निकाली.

या वहीतही न सांगितलेला पाचवा मार्ग आहे, आणि त्याची वाच्यता जेमी झाविन्स्की यांनी २००३ साली केली. हे नेटस्केपच्या पहिल्या फळीतले प्रोग्रामर, आणि तोंडाचे तिखट. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपकडे त्यांनी केलेल्या तक्रारी ढिगाने बंद झाल्या. दुरुस्त म्हणून नव्हे. सगळा प्रोग्रामच नव्याने लिहिला, आता जुन्या तक्रारींना अर्थ नाही, नव्यात तसं काही दिसलं तर पुन्हा कळवा, म्हणून. नव्यात तसंच दिसतं, शिवाय आणखी चार गोष्टी दिसतात. झाविन्स्कींनी या पद्धतीला लक्ष न टिकणाऱ्या पोरांची पद्धत म्हटलं. दुरुस्ती कंटाळवाणी असते, नवं लिहिणं मजेचं. पगार नसेल तर मजेचंच होणार.

फेडोरा नावाच्या लिनक्समध्ये तर यासाठी माणूसही लागत नाही. तिथल्या एका आवृत्तीचं आयुष्य साधारण तेरा महिन्यांचं. आवृत्ती संपली की तिच्यावरच्या उघड्या तक्रारी आपोआप बंद होतात. बिघाड बिचारा पुढच्या आवृत्तीत मुक्काम हलवतो, तक्रार मागे राहते.

आता एक बिघाड जवळून बघू. जानेवारी २०२१ मधला आहे, लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवरचा.

एका बापाच्या पोरांना त्याचा संगणक 'हॅक' करायचा होता. बापाने पडदा लॉक केला, पोरांना म्हणाला, करा. पोरांनी खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड दोन्ही धोपटले, माऊस दिसेल तिथे दाबला, आणि लॉक उघडलं. पासवर्ड न टाकता. बापाला वाटलं, योगायोग. पोरांनी दुसऱ्यांदा उघडून दाखवलं. मग बापाने स्वतः प्रयत्न केला, तर त्याला काही जमेना. त्याने प्रामाणिकपणे कळवून टाकलं की बहुधा यासाठी चार लहान हात एकदम लागत असावेत. बगच्या इतिहासात 'पुन्हा घडवता आलं नाही' याचं इतकं गोड कारण दुसरं सापडणार नाही.

मिंटवाल्यांनी शोध घेतला. पडद्यावरच्या कीबोर्डवर डोक्यावर आडवी रेघ असलेलं एक इंग्रजी 'ई' होतं. ते दाबलं की कीबोर्ड कोसळायचा, आणि कोसळताना लॉकच्या प्रोग्रामलाही घेऊन पडायचा. आता हे अक्षर तिथे आधीपासून होतं, मग आजच का? तर त्याच्या आधी खाली एक्सच्या सर्व्हरमध्ये सुरक्षेची एक फट बुजवली होती. त्या बुजवण्याने वरचा कीबोर्ड डळमळीत झाला. म्हणजे मागची फट लिंपली आणि पुढचं दार उघडलं. सुरक्षेच्या दुरुस्तीने लॉक निघालं.

पण त्याहून मजेची गोष्ट वेगळीच. लॉकचा प्रोग्राम कोसळला तर संगणक बंदच राहायला हवा ना? कुलूप मोडलं म्हणून दार आपोआप उघडत नाही. इथे उघडतं, कारण एक्सला 'लॉक' नावाची गोष्टच ठाऊक नाही. लॉक म्हणजे सगळ्या खिडक्यांच्या वर पसरलेली आणखी एक खिडकी. ती सगळ्यांच्या पुढे उभी राहून कीबोर्ड आणि माऊस धरून बसते, एवढाच तिचा दरारा. ती पडली की मागची सगळी मंडळी जशीच्या तशी हजर. हे झाविन्स्की वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होते, कारण १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा लॉकचा प्रोग्राम तेच सांभाळतात. लॉकच्या प्रोग्रामात नक्षीकाम घालू नका, जेवढं सामान जास्त तेवढं कोसळण्याची शक्यता जास्त, हे त्यांचं म्हणणं. सिनॅमनने कीबोर्ड घातला होता. पोरं चढली. झाविन्स्कींनी 'मी सांगितलं होतं' हे आपलं जुनंच गाऱ्हाणं नव्या सालाचा शिक्का मारून पुन्हा प्रसिद्ध केलं.

सगळ्यांच्या पुढे कोण उभं राहणार, हा मुद्दा इथेच संपत नाही. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन विंडोजच्या पोटातल्या गोष्टी वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. त्यांना प्रोग्रामर मंडळी विचारत असतात: माझी खिडकी कायम सगळ्यांच्या वर राहायला हवी. 'सगळ्यांच्या वर' अशी सोय आहे हो, पण ती इतरांनीही वापरलीय. मला त्यांच्याही वर राहायचंय. काय करू? चेन यांचा उलट प्रश्न ठरलेला: समजा अशी सोय आहे, आणि दोन प्रोग्रामांनी ती वापरली, तर?

मला विचाराल तर विंडो मॅनेजरच्या अर्ध्या बगांचं मूळ या एका प्रश्नात आहे. हे गणित असतं तर १९९० पर्यंत सुटलं असतं. हे मानापान आहे. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं, वरपक्ष आपणच.

प्रसंग बघा. तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करताय. मान खाली, कीबोर्डवर नजर, चार अक्षरं झाली. तेवढ्यात चॅटची खिडकी उडी मारून पुढे येते. उरलेली पाच अक्षरं सोसायटीच्या ग्रुपवर, आणि सवयीने दाबलेलं एंटरही. खाली सेक्रेटरींचा प्रश्न: 'हे काय?' याला फोकसची चोरी म्हणतात, आणि ती रोखण्यासाठी केडीई या लिनक्सवरच्या दुसऱ्या डेस्कटॉपच्या विंडो मॅनेजरमध्ये, म्हणजे के-विनमध्ये, पाच पायऱ्यांचं सेटिंग आहे: अजिबात नाही, कमी, मध्यम, जास्त, टोकाचा. चोरी किती प्रमाणात रोखायची हे ठरवण्याचा अधिकार नागरिकाला देणारी ही बहुधा एकमेव व्यवस्था.

रोखायची कशी, तर जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्रामने स्वतः सांगायचं की वापरणाऱ्याने मला शेवटचं कधी हाताळलं. विंडो मॅनेजर वेळा ताडून बघणार आणि ज्याची ताजी त्याला पुढे घेणार. प्रोग्राम खोटं बोलणार नाही, हे गृहीत. नव्या पद्धतीत विश्वासाचा प्रश्नच नाही, टोकन आहे. तुम्ही मेलमधल्या लिंकवर क्लिक केलंत की मेलच्या प्रोग्रामला टोकन मिळतं, ते तो ब्राउझरकडे देतो, ब्राउझर ते दाखवून पुढे येतो. ब्राउझरला किंवा मेलला टोकनची रीत ठाऊक नसेल तर लिंक उघडते, पण मागे, आणि तुम्ही ती पुन्हा पुन्हा दाबता. शेवटी मागे बघाल तर एकच पान सहा वेळा.

ग्नोमने मधला मार्ग काढला. खिडकीला पुढे आणायचं नाही, पण वर एक चिठ्ठी दाखवायची: 'अमुक तयार आहे.' तयार आहे तर दाखव ना बाबा! ती चिठ्ठी बंद करण्यासाठी लोकांनी स्वतंत्र एक्स्टेन्शनं लिहिली. ती दर सहा महिन्यांनी नव्या आवृत्तीबरोबर आचके देतात, आणि २०२३च्या सप्टेंबरात ग्नोम ४५ आला तेव्हा एक्स्टेन्शनं लिहायची पद्धतच बदलल्याने झाडून सगळी एकदम गेली. लेखकांनी पुन्हा लिहिली. काहींनी नाही लिहिली. त्यांच्या संयमाचीही आवृत्ती संपली असणार.

ग्नोमवर एवढं का घसरताय, असं कोणी म्हणेल. तर मूळ विचार शहाणाच होता. हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२च्या सुमारास मेटासिटी नावाचा विंडो मॅनेजर लिहिला आणि तो मुद्दाम नीरस ठेवला. त्यांचा मुद्दा असा: प्रत्येक सेटिंगची किंमत असते. चालू-बंद अशी दहा सेटिंगं ठेवली की १०२४ प्रकारचे डेस्कटॉप तयार होतात. तपासणार कोण? प्रत्येक बग या १०२४ पैकी कुठल्यातरी एका कोपऱ्यात दडून बसतो. बिनतोड. सेटिंगं कमी, बग कमी. पण वारसदारांनी त्यातलं पहिलं निम्मं मनावर घेतलं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला, आणि खिडकीवरची मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझची बटणं गायब. कारण दिलं तेही तर्काचं: खाली पट्टीच ठेवलेली नाही, मग मिनिमाइझ होऊन खिडकी जाणार कुठे? आधी जिना काढला, मग म्हणाले वरच्या मजल्याला दाराची गरज काय.

लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी जाहीर शिव्या घातल्या आणि एक्सएफसीई या तिसऱ्या डेस्कटॉपकडे गेले. त्याआधी जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० अर्धाकच्चा बाहेर पडला, तेव्हा ते केडीई सोडून ग्नोमकडे आले होते. पुढे एक्स्टेन्शनं डकवून पुन्हा ग्नोमकडे. ज्या माणसाने लिनक्सचा कर्नल लिहिला, त्याला लिनक्सवर खिडक्या ठेवायला धड जागा मिळेना. तिथे नाशिकच्या एखाद्या जोशी सरांचं कोण ऐकतो.

मग टायटल बारचं भांडण. खिडकीच्या वरची ती चार बोटांची पट्टी कोणी रंगवायची? प्रोग्रामने की विंडो मॅनेजरने? केडीई म्हणतं, विंडो मॅनेजरने, म्हणजे सगळ्या सारख्या दिसतील आणि प्रोग्राम गोठला तरी बंद करायचं बटण चालेल. ग्नोम म्हणतं, प्रोग्रामची खिडकी, प्रोग्रामने रंगवावी, म्हणजे पट्टीत शोधायची सोय आणि हवी ती बटणं घालता येतील. दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच ते मिटत नाही. गेम लिहिणारा एखादा मधेच विचारतो, 'मला फक्त पट्टी हवीय हो, देता का?' एक म्हणतो देतो, दुसरा म्हणतो तूच काढ. परिणामी ग्नोमवर काही प्रोग्रामांच्या डोक्यावर पट्टीच नसते, नाहीतर असते ती भलत्याच घराण्याची.

न्यायाने बोलायचं तर मनापासून दुरुस्त करणारेही आहेत, आणि त्यांचे हाल बघवत नाहीत. ग्नोमचं ॲनिमेशन साध्या लॅपटॉपवर अडखळायचं. कारण सांगतो, ऐकण्यासारखं आहे. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगतो, म्हणजे एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद. काम हलकं दिसलं की ग्राफिक्सची चिप वीज वाचवायला आपला वेग कमी करते. वेग कमी झाला की एखाद्या चित्राला उशीर होतो, ते पुढच्या फेरीत जातं. तेवढा वेळ चिप रिकामी बसते, आणि रिकामी बसली म्हणून तिला वाटतं काम आणखीच हलकं आहे! मग वेग वाढणार कुठून? उबुंटू हे लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या एका इंजिनिअरने तोड काढली: दोनऐवजी तीन चित्रं हाताशी ठेवायची, चिपला बसू द्यायचं नाही, ती आपोआप वेग पकडते. हा पॅच त्याने २०२० साली ग्नोमपुढे ठेवला. तो मंजूर झाला २०२५ साली. मधल्या काळात उबुंटूने तो आपल्या लाखो वापरणाऱ्यांना परस्पर देऊनही टाकला होता. पाच वर्षं एकच पॅच पुन्हा पुन्हा नव्या कोडवर बसवत राहायचं, आणि तोही अडखळणं थांबवण्यासाठीचा. फाईल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं दिसावीत, ही मागणी २००४ची. ती २०२३ साली ग्नोम ४४मध्ये पुरी झाली. त्या मानाने पाच वर्षं म्हणजे तत्काळ.

केडीईवाल्यांनी २०२२ साली एक सरळ हिशोब मांडला, त्याला मी मनापासून दाद देतो. नवा माणूस डेस्कटॉपपुढे बसला की पहिल्या पंधरा मिनिटांत जे बग त्याच्या अंगावर येतात त्यांची वेगळी यादी केली, आणि ती आधी मिटवायला घेतली. दर आठवड्याला काय मिटलं ते जाहीर. पण हेच केडीईवाले घनाच्याही नादी लागले. २००६ साली कॉम्पिझ या विंडो मॅनेजरने डेस्कटॉपचा फिरता घन आणला. चार बाजूंना चार पडदे, माऊस ओढला की गर्रकन फिरणार. त्या घनावर आजवर कोणी काम केल्याचं ऐकिवात नाही. त्याचा उपयोग एकच, विंडोज वापरणाऱ्या मित्राला दाखवणे. केडीईने तो काढून टाकला तर लोकांनी असा गळा काढला की फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लाझ्मा ६ या नव्या आवृत्तीबरोबर घन परत. पंधरा मिनिटांच्या बगसाठी एवढं कोणी रडत नाही.

आता वेलँड. २००८ साली क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी एक्सला पर्याय म्हणून हे काम हाती घेतलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावातून जाताना कल्पना सुचली, म्हणून ते नाव. गरज खरी होती. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याचं टाइपिंग वाचू शकतो, दुसऱ्याच्या खिडकीचा फोटो काढू शकतो. इतक्या वर्षांत कोणी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. जुना कोड किती जुना? फॉन्ट वाचणाऱ्या भागात १९९१ साली शिरलेला एक बग २०१४ साली उघड झाला. तो शिरला तेव्हा जन्मलेलं मूल इंजिनिअर होऊन नोकरीला लागलं होतं.

वेलँडने ती चोरवाट बंद केली. दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येणार नाही. उत्तम! आणि मग लक्षात आलं की डोकावणाऱ्यांत चोर थोडे आणि घरचेच जास्त. स्क्रीन शेअर करणारा, स्क्रीनशॉट काढणारा, रंग टिपणारा, कुठूनही चालणारे शॉर्टकट देणारा, सगळे त्याच भगदाडातून ये-जा करत होते. उबुंटूने ऑक्टोबर २०१७ मध्ये वेलँड डिफॉल्ट केलं आणि पुढच्याच आवृत्तीत मागे घेतलं. कारणांत स्क्रीन शेअरिंग होतं, दुरून संगणक चालवणं होतं. तिसरं कारण मोठं गमतीचं. जुन्या रचनेत विंडो मॅनेजर कोसळला तर तो एकटाच पडायचा, खिडक्या शाबूत, पुन्हा सुरू केला की झालं. वेलँडमध्ये विंडो मॅनेजर आणि पडदा चालवणारा सर्व्हर एकच. तो पडला की उघडी कागदपत्रं, अर्धवट मेल, सगळं घेऊन पडतो.

आणि मग २०२० उजाडलं. सगळं जग घरी बसून मीटिंगा करू लागलं. हिंजवडीपासून न्यू जर्सीपर्यंत 'स्क्रीन दिसतेय का?' हा दिवसाचा पहिला मंत्र झाला. वेलँडवाल्याची काळी दिसायची. तो बिचारा सांगायचा की हे सुरक्षेसाठी आहे. मॅनेजर म्हणायचा, सुरक्षित आहे ना, मग आता विंडोजवरून दाखव. पुढे पाइपवायर नावाची नवी यंत्रणा आणि परवानगीच्या खिडक्या यांनी ती अडचण बरीच मिटली. आता शेअर करताना 'कुठली खिडकी दाखवू?' असं आधी ब्राउझर विचारतो आणि मग डेस्कटॉप विचारतो. दोघांचंही समाधान करावं लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ग्नोम ४९ने एक्सचं सत्र डिफॉल्टमधून काढलं. आता तक्रारींची एक पूर्ण पिढी 'एक्सवरची आहे' या एका ओळीत बंद करता येईल. झाविन्स्कींना २००३ साली एवढ्या मोठ्या प्रमाणाची कल्पना आली नसावी.

या सगळ्या धावपळीत ज्यांनी फारसं काही बदललं नाही, ते एक्सएफसीईवाले. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केलेला हा डेस्कटॉप. त्याची ४.१२ आवृत्ती २०१५ साली आली, ४.१४ आली २०१९ साली. चार वर्षांत लोकांची सरकारं बदलली, यांचा मेनू जागचा हलला नाही. खाली पट्टी हवी तर पट्टी, मिनिमाइझ हवं तर मिनिमाइझ. माझं मत विचाराल तर डेस्कटॉपला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. जो दुसरीकडे दुखावला तो इथे आला, टोर्व्हाल्ड्सही आले.

पण काळ कोणाला सोडतो! डिसेंबर २०२४ मध्ये ४.२० आली, आणि तिच्यावरचे निम्मे कष्ट वेलँडची तयारी करण्यात गेले. पट्टी चालते, डेस्कटॉप चालतो, फक्त त्यांचा स्वतःचा विंडो मॅनेजर अजून वेलँडवर चालत नाही. तोवर लॅबडब्ल्यूसी नाहीतर वेफायर हे दुसऱ्यांचे विंडो मॅनेजर उसने घ्यायचे. खुद्द फूर्दाँ नोकरीत कशावर काम करतात? एक्सवेलँडवर. म्हणजे एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम वेलँडवर चालवणारा पूल. दिवसा पूल बांधायचा, आणि ज्याच्यासाठी बांधायचा ते आपलंच घर अजून अलीकडच्या काठावर. तिथे राहणाऱ्यांतल्या निम्म्यांचं गाऱ्हाणं आहे की वेलँडला इतका उशीर का, आणि उरलेल्या निम्म्यांचं, की वेलँड आणताच कशाला, आमच्याकडे चालतंय.